कोणती पोस्ट, ते गोपनीय आहे

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. ते साचतात, घरात प्लास्टिकच्या पिशव्या साचतात तसे. एक दिवस ओट्याखालचं दार उघडावं तर भसकन सगळ्या अंगावर! माझं तसंच झालंय. परवा भावजय म्हणाली, तुमचं बरं आहे बाई, खुर्चीत बसून बातम्या टाकायच्या. तिला म्हटलं, गॅस बंद कर, इथे बस आणि ऐक.

तर आम्ही चौघं मिळून पनवेल-उरण भागातल्या बातम्यांचं एक पेज चालवतो. नाव सांगत नाही, उगाच आणखी एक नोटीस यायची. एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला, झेरॉक्सवाल्याच्या डोक्यावर एक खोली आहे, तेच ऑफिस. मोकल सर संपादक. जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, रिटायर झाल्यावर गप्प बसवेना म्हणून हा उद्योग सुरू केला. कॅमेरा आणि एडिटिंग फैजानकडे. तो पनवेलचाच, त्याचं अर्धं खानदान आखातात. मी माधवी. पूर्वी एका पेपरात मुद्रितं तपासायचे, आता इथे तपासते. आणि चौथी नीलम घरत, आमची एकुलती एक रिपोर्टर. जासईच्या जवळच्या गावातली, काटक, बोलायला फटकळ.

नीलमचे वडील, हिराजीकाका, गावातल्या देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस कमी बोलणारा, पण गावात शब्दाला वजन. मुलीनं माइक हातात घेऊन चौकात उभं राहावं हे त्यांना मुळीच पसंत नव्हतं. सर स्वतः घरी जाऊन बसले, चहा प्यायले, समजूत घातली. तेव्हा कुठे काका तयार झाले, तेही एका अटीवर. "ज्या दिवशी माझ्या दारात पोलीस येल, त्या दिवशी हिची नोकरी बंद. मंग मला कुनी सांगायला यायचं नाय." सरांनी आनंदानं मान डोलावली. गटारं, हळदीकुंकू आणि क्रिकेटच्या स्पर्धा, या बातम्यांना पोलीस कशाला येतोय!

हसू नका. तेव्हा आम्हाला खरंच असं वाटायचं.

*

पहिला ताप झाला तो तक्रार निवारण अधिकाऱ्याचा. नियम आला की बातम्या देणाऱ्या प्रत्येकानं असा अधिकारी नेमायचा, त्याचं नाव पेजवर टाकायचं आणि कुणाची तक्रार आली की दुसऱ्या दिवसाच्या आत पोच द्यायची. आम्ही माणसं चार. त्यातला अधिकारी कोण? सर म्हणाले, माधवीताई, तुम्ही व्हा, तुमचा आवाज चढा आहे. झाले अधिकारी.

पहिली तक्रार आली. कुठल्या बातमीवर कोण चिडलं असेल? उघडून बघते तर, "आमच्या गल्लीतला दिवा गेले कित्येक दिवस बंद आहे." दुसरी आली, नळाच्या पाण्याला वास येतो. मग रांगच लागली. कुत्री, कचरा, शेजाऱ्याचा लाउडस्पीकर. शेवटी वैतागून मी त्या दिव्यावाल्या आजोबांना फोन लावला. म्हटलं, अहो, इथे फक्त आमच्या बातम्यांबद्दल तक्रार करायची असते, दिव्याची तक्रार दिव्याच्या ऑफिसात करा. ते शांतपणे म्हणाले, "तिकडे केली होती हो. तिकडून पोच येत नाही. तुमच्याकडून लगेच आली."

मी नीलमला पाठवलं, तिनं बातमी केली आणि आश्चर्य म्हणजे दिवा लागला. दुसऱ्या दिवशी आजोबांची पुन्हा तक्रार हजर. बातमीत दिव्याचा फोटो आहे, तक्रारदाराचा नाही, असं का? ही मात्र अगदी नियमात बसणारी तक्रार होती, त्यामुळे मला तिचं रीतसर निवारण करावं लागलं.

*

मग पोपटीचा किस्सा. थंडीत आमच्याकडे पोपटी लावतात ते माहीतच आहे. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर चिकन, वरून मीठ-ओवा. तोंड पाल्यानं बंद करायचं, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती पेंढा-काटक्या रचून पेटवून द्यायचं. नीलमच्या गावच्या शेतावर फैजाननं त्याचा झकास व्हिडिओ केला. धूर, ज्वाळा, आजूबाजूला बसलेली बायामाणसं.

आमचं पेज ज्या कंपनीच्या साइटवर आहे, तिनं तासाभरात व्हिडिओ उडवला. कारण काय? स्फोटक वस्तू तयार करण्याची माहिती!

मी आणि नीलम पोट धरधरून हसलो. फैजान हसला नाही. तो म्हणाला, "ताई, शूट माझं, अपलोड माझं, वर नाव माझं. तुमचं हसून झालं की मला सांगा." आमचं हसू तिथंच विरलं.

सरांनी कंपनीकडे अपील केलं. सरांचं अपील म्हणजे काय विचारता! "महोदय, सदर मडक्यात वालाच्या शेंगा असून..." इथपासून सुरुवात, पाल्याचे औषधी गुण, रायगडची खाद्यपरंपरा, सगळं त्यात होतं. सकाळभर बसून लिहिलं. पाठवायचं बटण दाबलं आणि हात मागे घेईपर्यंत उत्तर आलं की आम्ही आपलं म्हणणं काळजीपूर्वक वाचलं आहे आणि निर्णय कायम आहे. तेव्हापासून आमच्याकडे स्वयंपाकाचे सगळे व्हिडिओ सरांच्या नावानं जातात.

*

शिरढोणचं तर सांगायलाच नको. तिथल्या क्रांतिकारकावर सर दर वर्षी एक लेख लिहितात. शाळेत असल्यापासूनचा त्यांचा नेम आहे. यंदा लेख टाकला आणि दुपारी त्यांना फोन आला. फोन करणारे कुठल्याशा कचेरीतले साहेब. नाव सांगितलं नाही, "वरून लक्ष ठेवायला सांगितलंय" एवढंच म्हणाले.

सरांनी फोन स्पीकरवर टाकला म्हणून मी हे कानांनी ऐकलं आहे, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. साहेबांचं म्हणणं, लेखात सरकारविरुद्ध शस्त्र उचलल्याचं कौतुक आहे. सर म्हणाले, अहो, ते इंग्रज सरकार. साहेब म्हणाले, "ते बरोबर आहे सर, पण लेखात नुसतं 'सरकार' लिहिलंय. वाचणाऱ्याला काय कळणार?"

सर म्हणाले, वाचणाऱ्याला कळतं. साहेब म्हणाले, तोच तर प्रॉब्लेम आहे.

शेवटी जिथे जिथे सरकार होतं तिथे तिथे मी इंग्रज घातला. एवढे इंग्रज त्या लेखात झाले की सर म्हणाले, माधवीताई, एवढे तर तेव्हा अख्ख्या कुलाबा जिल्ह्यात नसतील.

*

आता ज्यावरून माझं डोकं आजही फिरतं ते ऐका. एक दिवस मेल आला. अमुक कायद्याखाली, सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशानुसार, आपल्या पेजवरील सदर मजकूर काही तासांच्या आत काढून टाकावा, अन्यथा कारवाई. सदर मजकूर म्हणजे कोणता? तर सोबत जोडलेलं पान पाहावं. सोबत पानच नव्हतं.

खाली नंबर होता. मी लावला. पलीकडचा माणूस अतिशय नम्र.

"मॅडम, कोणती पोस्ट, ते गोपनीय आहे."

"मग काढू काय?"

"जी आक्षेपार्ह आहे ती."

"आक्षेपार्ह कोणती?"

"ते तुम्हाला माहीत असणारच ना मॅडम. तुम्हीच टाकलीय."

मी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. नीलम तोवर पांढरी पडली होती. तिचा एकच प्रश्न, कारवाई म्हणजे घरी येतात का? सर म्हणाले, मुळीच नाही, मी आहे ना. आणि त्यांनी चष्मा पुसून पोस्टी काढायला सुरुवात केली. आधी रस्त्यांच्या काढल्या. मग पाण्याच्या. मग उरणच्या करंजा बंदरात बोटी उभ्या करायला जागा नाही म्हणून कोळ्यांनी काढलेल्या मोर्च्याची काढली. मग करंजाच्या सुक्या मासळीचा फोटोही काढून टाकला, कारण तो मोर्च्याच्या शेजारी होता. वेळ संपत आला तशी सरांची भीड चेपली. वाढदिवसाच्या शुभेच्छा गेल्या, वधूवर मेळावा गेला. शेवटी पेजवर हवामानाचा अंदाज तेवढा उरला, उद्या पारा चढणार म्हणून. सरांनी त्याकडे खूप वेळ पाहिलं आणि तोही काढला.

दुसऱ्या दिवशी त्याच नम्र माणसाचा मेल. कालचा मेल आपणास चुकून पाठवला गेला आहे, तरी दुर्लक्ष करावे. काढलेल्या पोस्टी काही परत आल्या नाहीत. किती वर्षांची मेहनत होती ती, आणि दाद मागायची कुणाकडे? तक्रार निवारण अधिकारी मीच!

*

यानंतर सरांनी चाळणी सुरू केली. म्हणजे कुठलीही बातमी टाकण्याआधी ती चौघांच्या हातून जायची आणि ज्याला ज्याची भीती वाटेल ते त्यानं काढायचं. कुणी कुणाला का म्हणून विचारायचं नाही. ऐकायला किती शहाणपणाचं वाटतं ना?

नीलमनं तिच्या गावच्या रस्त्याची बातमी आणली. जासईकडे कंटेनरची गोदामं आहेत, त्यांचे ट्रेलर रस्त्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी उभे असतात आणि शाळेची पोरं मधल्या फटीतून, चालत्या गाड्यांच्या समोरून जातात. बातमी एकदम नेमकी. फैजाननं गोदामाचं नाव आणि गाड्यांचे नंबर काढले. मी "पोरांच्या जिवाशी खेळ" काढलं. सरांनी "बेकायदा" काढलं, म्हणे ते कोर्टानं ठरवायचं. मग पोरांचे फोटो दाखवायचे की नाही यावर चर्चा झाली आणि पोरंच काढली. उरलं काय तर, "जासई परिसरात रस्त्यावर ट्रेलर उभे असतात. रस्ता रुंद आहे."

संध्याकाळी ज्या रस्ते खात्याच्या ऑफिसविरुद्ध मुळात ही बातमी होती, त्याच ऑफिसनं ती आपल्या पेजवर लावली. वर हात जोडल्याचं चित्र आणि "आमच्या रुंदीकरणाच्या कामाची दखल घेतल्याबद्दल आभार."

नीलम माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "ताई, माझी भाची त्या ट्रेलरांमधून शाळेत जाते. तुमच्या बातमीत ती कुठंय?"

मला फार लाज वाटली. मी काहीतरी पुटपुटले, नियम, नोटीस, तुझ्याच नोकरीसाठी वगैरे. ती निघून गेली.

*

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला पेजवर अचानक लाइव्ह सुरू झालं. आम्ही तिघं इथे ऑफिसात तोंडाचा आ करून बघतोय. नीलम रस्त्यावर उभी. चाळणी नाही, काही नाही. गोदामाचं नाव घेतलं, ऑफिसचं नाव घेतलं, ट्रेलरचे नंबर वाचले आणि मग कॅमेरा पोरांकडे वळवून गप्प उभी राहिली. पाठीवर दप्तरं, एकामागे एक, चाकाला खेटून चाललेली पोरं. शेवटची इतकी लहान होती की चाक तिच्या डोक्यापेक्षा उंच. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

रात्रीपर्यंत तो व्हिडिओ उरण तालुक्यातल्या प्रत्येक गावाच्या ग्रुपवर होता. आणि दोन दिवसांनी तिथे काळी चौकट आली, कायदेशीर विनंतीनुसार हा व्हिडिओ भारतात उपलब्ध नाही. कारण, सार्वजनिक सुव्यवस्था. म्हणजे रस्त्यात ट्रेलर उभे केले तर सुव्यवस्था, ते दाखवले तर बिघडली!

एवढ्यात फैजानच्या मामूंचा फोन. मामू कुवेतला असतात. "अरे बेटा, जासईची काय हालत झालीय! त्या छोट्या पोरीला बघून माझा तर कलेजा हलला. अल्लाह रहम करे."

फैजान ताडकन उठला. मामू, तुम्हाला दिसतोय तो? मामू म्हणाले, साफ दिसतोय, का?

झालं! आम्हाला कंपनीकडे अपील तर करायचं होतं, आणि नीलम नेमकं काय काय बोलली ते शब्दन् शब्द हवं होतं. त्या गडबडीत लाइव्हची कॉपी कुणीच ठेवलेली नव्हती. म्हणून मग कुवेतचे मामू व्हिडिओ लावून एकेक वाक्य फोनवर सांगताहेत आणि पनवेलात मी ते उतरवून घेतेय. रस्ता आमचा, पोरं आमची, रिपोर्टर आमची, शेजारच्याच खुर्चीत बसलेली! पण भीतीनं तिला स्वतःचं एक वाक्य धड आठवत नव्हतं. सर अधीर होऊन विचारत होते, मामू, नाव घेतल्यानंतर पुढे काय म्हणते ती?

मामू म्हणाले, "सबर करा सर. जाहिरात आलीय."

*

आणि मग शुक्रवारची दुपार. नीलमच्या आईचा फोन आला. नीलमनं उचलला आणि तिचा चेहराच उतरला. आई दबक्या आवाजात एवढंच म्हणाली, पोलीस आलाय दारात. तुझ्या बापाचं नाव घेतोय. मग बहुतेक तिनं घाईत फोन तसाच खिडकीत ठेवला, बंद केलाच नाही. नीलमनं स्पीकर लावला.

बापाचं नाव का, ते आमच्या लगेच ध्यानात आलं. पेज ज्या नंबरावर नोंदलेलं, तो नीलमचा. आणि घरतांच्या घरात आईपासून भाचीच्या आईपर्यंत सगळ्यांची सिमकार्डं हिराजीकाकांच्या आधारकार्डावर घेतलेली! आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात हे कधी आलं नव्हतं. ज्या माणसानं पोलीस दारात नको म्हणून सांगितलं होतं, पोलीस नेमका त्याच्याच नावानं आला होता.

फोनमधून सगळं ऐकू येत होतं. कोंबड्या, शेजारच्या बायकांची कुजबुज, लांबून ट्रेलरचा हॉर्न. गाव जमलेलं असणार. हवालदार तसा सभ्य होता. त्यानं विचारलं, हिराजी घरत तुम्हीच का, हा व्हिडिओ तुमच्या नंबरावरून गेलाय. मोबाईल दाखवा. थोड्या वेळानं तो म्हणाला, हा बटणाचा नाही हो काका, दुसरा. काका म्हणाले, दुसरा नाय माझ्याकडं.

हवालदार आता कंटाळला होता. म्हणाला, इथं तो दिसत नाही, पण बाहेरच्या देशात दिसतोय, तेव्हा मुळातून काढून टाका. आणि पुन्हा असं घरातून कुणी करणार नाही, एवढं लिहून द्या. सही करा, मी निघालो. साहेबांना तेवढंच पाहिजे.

इकडे नीलमनं गळ्यातलं आमचं ओळखपत्र काढलं आणि हळूच माझ्या टेबलावर ठेवलं. मग पर्स उचलली. सर खाली बघत होते. त्यांनी दिलेला शब्द होता तो, आता कुठल्या तोंडानं थांब म्हणणार? फैजान तिला म्हणाला, थांब ना जरा. ती दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

"काका," फोनमधून हवालदाराचा आवाज आला, "तुम्हाला जमत नसेल तर ज्यानं टाकलाय त्याला बोलवा. कोण आहे तो?"

"माझी पोरगी हाय."

"मग बोलवा तिला."

"आता नाय येनार," हिराजीकाका म्हणाले. "ड्युटीवर हाय ती."